नव्याचा सण आणि घटस्थापना

३ ऑक्टोबर २०२४ रोजी अमरावतीत अंबादेवीच्या नवरात्राचे घट बसले. त्याच दिवशी कोकण-मुंबईतील बेने इस्रायल ज्यूंचे ५७८५ वे वर्ष सुरू झाले. पुढे १२ ऑक्टोबरला वऱ्हाडात दसऱ्याचे सोने लुटले जात असताना त्यांचा सर्वांत कडक उपवास, योम किप्पूर, चालू होता. हा निव्वळ योगायोग नव्हे. दोन्ही पंचांगे एकाच चंद्रावर चालतात.

ज्यूंचा महिना आपल्या महिन्याप्रमाणेच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे पंधरवड्याने पौर्णिमा येते. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारे ३५४, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा कमी. मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण, पेसाह, वसंतातच आला पाहिजे अशी धर्माज्ञा असल्याने ही तूट भरावीच लागते. त्यासाठी एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात. आपला अधिक मास कधी ज्येष्ठाला लागतो, कधी श्रावणाला. त्यांच्याकडे दुप्पट होतो तो नेहमी अदार, जो साधारणपणे फाल्गुनाच्या आसपास येतो. पूर्वी चंद्रकोर पाहणाऱ्यांची साक्ष घेऊन जेरुसलेममध्ये महिना जाहीर होत असे. त्याऐवजी गणित रूढ केल्याचे श्रेय परंपरा चौथ्या शतकातील दुसऱ्या हिल्लेलला देते.

दोन्हीकडचे जादा महिने एकाच वेळी पडत नाहीत, म्हणून जुळणी अधूनमधून मोडते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरला, तर ज्यू नववर्ष १२ सप्टेंबरलाच, गणेश चतुर्थीच्या आधी.

खरी गंमत मात्र गणितात नाही, नावांत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, ग्रंथ उरले नाहीत. सण मात्र मराठी नावांनी टिकले. नववर्ष झाले नव्याचा सण. योम किप्पूरला दारे लावून घरात बसत, म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. राणी एस्तेरच्या स्मरणाचा पुरिम अदारच्या पौर्णिमेलगत येतो, शेजारी होळी पेटलेली असते. त्याचे नाव पडले होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ओळखला जाई तो उपवास सोडताना खाल्ल्या जाणाऱ्या बिरड्यांवरून: बिरड्याचा सण. पेसाहच्या काळात आंबट अनासाचे मडके झाकून ठेवत, म्हणून तो अनाशी ढाकाचा सण. एलूल महिन्यातील उपवासांना तर ते रमजान म्हणत! शेजार हिंदूंचा होता तसा मुसलमानांचाही, हे त्या एका शब्दावरून कळते.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकवली जाऊ लागली आणि जुन्या नावांशेजारी मूळ नावे येऊन बसली. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासग्रंथात या जुन्या सणांची नोंद केली. १८९७ मध्ये लिहून झालेला तो ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

दिव्यांचा हनुका जुन्या परंपरेत नव्हता. हा सण ज्या घटनेचा, ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. त्यावरून पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा तर्क केला जातो. तर्क आकर्षक आहे, पण लंगडा: ज्यांच्या हातून पोथ्याच गेल्या, त्यांच्या हातून एखादा सणही निसटू शकतो.