फणेरपेटी

लोणावळ्याच्या पूर्वेस कार्ल्याचें लेणें आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरील दंपतींच्या शिल्पांत स्त्रियांच्या पायांत जड वाळे, कमरेस मेखला व कानांत ठसठशीत कुंडलें दिसतात. हा शृंगार कोणत्या साधनांनीं होत असेल, असें कुतूहल तीं शिल्पें पाहातां सहज उत्पन्न होतें.

मावळांतील कार्लें, भाजें व बेडसें हीं लेणीं कोंकणांतून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गालगत आहेत. कार्ल्याच्या स्तंभांवर यवन दात्यांचेहि लेख आहेत. त्या काळच्या देशावरील बाजारपेठांपैकीं एक भोकरदन. तेथें १९७३ सालच्या उत्खननांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. तिच्याशीं साम्य असलेली दुसरी १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली होती. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गाडलें गेलें. अशा मूर्ति आरशाच्या मुठी असाव्यात, असें कित्येक विद्वान् मानतात. पाँपेईच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंस प्रसाधनाचीं पात्रें घेतलेल्या दोन लहान दासी आहेत.

त्या दासी निरर्थक नाहींत. मुठीचा आरसा एका हातांत धरला कीं दुसरा एकच हात मोकळा राहतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांतील चित्रांतहि आरसा पाहणाऱ्या राजस्त्रीजवळ दासी उभ्या आहेत. परंतु जिच्या घरीं दासी नाहीं, तिनें काय करावें?

याचें उत्तर मराठी घरांतील फणेरपेटीनें दिलें. धातूच्या आरशाच्या जागीं कांचेचा सपाट आरसा आला. तो लांकडी पेटीच्या झांकणास आंतून बसविला. झांकण उघडून तिरपें उभें केलें कीं दोन्ही हात मोकळे! खालीं फणी, काजळ, मेणाची डबी व कुंकवाचा करंडा. कोरडें कुंकू कपाळीं टिकत नाहीं. म्हणून आधीं मेण, मग कुंकू. दासींचें काम पेटीच करूं लागली.

मात्र पति निवर्तला कीं हीच पेटी कित्येक घरांत त्या स्त्रीपुढून उचलली जाई. केशवपन झालें कीं फणीचेंहि प्रयोजन उरत नसे. आतां टिकलीच्या पाकिटानें मेण व करंडा मागें टाकले आहेत; रूढि तितक्या लवकर मागें पडली नाहीं. ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींसहि तसें करण्यास सांगितलें. आरशापुढें बसावें कीं न बसावें हें जिचें तिनें ठरवावें, एवढेंच त्या ठरावाचें तात्पर्य.