मौनातून गीताकडे : मेहेराबाद आणि पीट टाउनशेंड यांचा ‘हू केम फर्स्ट’ (१९७२)

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात नेवाशाची ज्ञानेश्वरी आणि संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांना मानाचे स्थान आहे. मात्र याच जिल्ह्यातील अरणगावजवळच्या मेहेराबादचा विसाव्या शतकातील पाश्चात्त्य रॉक संगीताशी आलेला संबंध त्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही. प्रस्तुत लेखात ‘हू केम फर्स्ट’ या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीच्या आधारे या संबंधाचे स्वरूप तपासले आहे.

पार्श्वभूमी :
मेहेरबाबा, म्हणजेच मेरवान शेरियार इराणी (१८९४-१९६९), यांनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबाद येथे मौन धारण केले व ते अखेरपर्यंत पाळले. आरंभी अक्षरफलक आणि पुढे हस्तसंकेत यांद्वारे ते संवाद साधत. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गीतकार व गिटारवादक पीट टाउनशेंड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे अनुयायी झाले. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. टाउनशेंड १९७२ मध्ये समाधीच्या दर्शनास आले.

निर्मितीप्रक्रिया :
या ध्वनिमुद्रिकेचे मूळ बाजारात नसून अनुयायांच्या मेळाव्यात आहे. ‘हॅपी बर्थडे’ (१९७०) आणि ‘आय ॲम’ (१९७२) या मर्यादित प्रतींच्या ध्वनिमुद्रिका बाबांच्या स्मरणार्थ काढल्या गेल्या. त्यांच्या अनधिकृत प्रती विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा अधिकृत सार्वजनिक आवृत्तीची निकड निर्माण झाली. त्यातून १९७२ च्या उत्तरार्धात ‘हू केम फर्स्ट’ प्रकाशित झाली. टाउनशेंड यांनी घरच्या स्टुडिओत बहुपथ ध्वनिफितीवर एकामागून एक वाद्ये स्वतः वाजवून बहुतांश ध्वनिमुद्रण केले. ‘प्युअर अँड ईझी’सारखी गीते १९७१ मध्ये अपूर्ण राहिलेल्या ‘लाइफहाउस’ प्रकल्पातून आली.

कर्तृत्वाचा प्रश्न :
ही टाउनशेंड यांची ‘एकल’ ध्वनिमुद्रिका मानली जाते. तथापि तिच्यातील ९ गीतांपैकी ५ गीतांचे शब्द इतरांचे आहेत. ‘इव्होल्यूशन’ रॉनी लेन यांचे असून ते त्यांनीच गायिले आहे. ‘फॉरेव्हर्स नो टाइम ॲट ऑल’ बिली निकोल्स व केटी मॅकिनर्नी यांचे आहे. ‘कंटेंट’चे शब्द मॉड केनेडी यांचे आहेत. ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’ हे जिम रीव्ह्ज यांनी लोकप्रिय केलेले गीत बाबांना प्रिय होते, म्हणून ते येथे आले. अखेरचे ‘परवरदिगार’ हे तर बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेचे गेय रूपांतर आहे. परब्रह्म, अल्लाह, अहुरमज्द अशी विविध परंपरांतील ईश्वरनामे मूळ प्रार्थनेत एकत्र नांदतात. टाउनशेंड यांनी त्या गद्य प्रार्थनेला चाल आणि लय दिली. अशा प्रकारे संपूर्णतः स्वतःची गीते चारच उरतात.

निष्कर्ष :
भजनी मंडळात एकाचा अभंग दुसरा गातो आणि श्रेयापेक्षा स्मरणाला महत्त्व देतो. ‘हू केम फर्स्ट’ची घडण व्यक्तिकेंद्री रॉक परंपरेपेक्षा या पद्धतीला अधिक जवळची आहे. बहुतांश वाद्ये एकाने वाजविली, पण शब्द समुदायाचे राहिले. ज्यांनी सुमारे ४४ वर्षे मौन पाळले, त्यांची प्रार्थना लंडनच्या एका घरात गीत झाली. म्हणून जिल्ह्याचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना येथे काय निर्माण झाले याबरोबरच येथून काय दूरवर गेले, याचीही नोंद आवश्यक ठरते.