गिधाडांचे उपकार

नांदेड आणि लातूर हे जिल्हे गोधनाबद्दल फार दिवसांपासून नांवाजलेले आहेत. कंधारच्या मुलुखांतील लालकंधारी आणि देवणीच्या परिसरांतील देवणी या दोन्ही जाती येथल्याच. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत उमदीं जनावरें पाहून शेतकरी हरखून जातो. या इतिहासाची एक बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. इतकीं गुरें जेथें जगत, तेथें दरसाल कितीतरी मरतहि असत. त्या मृत देहांचें काय होत असे?

मेलेलें जनावर गांवकुसाबाहेर ओढून नेण्याचें काम समाजानें अस्पृश्य ठरविलेल्या बांधवांवर पिढ्यानुपिढ्या लादलें होतें. १९२७ सालीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस वर्ज्य करण्याची हाक दिली, ती या अन्यायाविरुद्धच्या चळवळीचाच भाग होती. कातडें काढल्यावर उरलेल्या देहाची विल्हेवाट गिधाडें लावीत. उंच आकाशांत घिरट्या घालणाऱ्या एकाला भक्ष्य दिसलें कीं तें खालीं उतरे. त्याला पाहून दुसरें, दुसऱ्याला पाहून तिसरें, असा थवा जमे आणि थोड्याच वेळांत बैलाचा सांगाडा तेवढा शिल्लक राही. गिधाडाच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडक्या मांसांतील पुष्कळ रोगजंतू तेथेंच नाश पावतात.

१९४८ सालीं निजामाची राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र निर्माण झाला. राज्यें बदललीं, पण गिधाडांचें हें खातें विनावेतन चालूंच राहिलें.

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अन्नसाखळीची कल्पना विशद केली. कोण कोणाला खातो यावरून कोणत्या प्रदेशांत कोणते जीव किती राहतील, हें पुष्कळ अंशीं ठरतें. ही साखळी वाचतांना आपण बहुधा वाघापाशीं थांबतों. वाघाच्या पलीकडे आणखी एक कडी असते, ती मृतभक्षकांची. ती तुटली तर काय होतें, हा धडा आपल्या देशाला फार महाग पडला.

१९९४ च्या सुमारास डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध गुरांसाठीं स्वस्तांत मिळूं लागलें. लंगडणाऱ्या बैलाला आराम पडावा, या दयाबुद्धीनेंच शेतकरी तें देत असे. त्या दशकाच्या अखेरीस राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत विभु प्रकाश या पक्षितज्ज्ञांना गिधाडें माना टाकून मरतांना आढळलीं. कारण कळेना, साथीच्या रोगाचा संशय येई. अखेर लिंडसे ओक्स या अमेरिकन संशोधकानें सहकाऱ्यांसह पाकिस्तानांत केलेला शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. औषध दिल्यावर लवकरच मेलेलें जनावर गिधाडांनीं खाल्लें, तर त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, असें त्यांत सिद्ध झालें. एका मढ्यावर कितीतरी गिधाडें जमतात, आणि मादी वर्षाकाठीं एकच अंडें घालते. म्हणून शंभरांत एकाहून कमी मढीं विषारी असलीं, तरी एवढा संहार घडूं शकतो. १९९२ ते २००७ या अवधींत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९.९ घटलीं.

वाढलेलें पान निसर्गांत फार वेळ तसेंच पडून राहत नाहीं. मढ्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या जमूं लागल्या. कुत्रें गिधाडाइतकें साफ खात नाहीं. उरलेलें मांस कुजतें, पाणी दूषित होतें आणि वाढलेल्या कुत्र्यांबरोबर पिसाळीचा धोकाहि वाढतो. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा कीं, गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मृत्यू पावलीं. मुंबईंतील पारशी समाजाच्या दोखम्यांची जुनी परंपराहि याच कारणानें अडचणींत आली.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या चोरवाटेनें गोठ्यांत पोंचत, म्हणून २०१५ सालीं त्याहि बंद झाल्या. २०२३ सालीं केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक हीं औषधेंहि गुरांसाठीं निषिद्ध ठरलीं. मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांना निर्धोक असल्याचें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांची पैदासहि केली जाते. परंतु ज्या पक्ष्याची वीण इतकी मंद, त्याचा वंश सांवरण्यास कितीतरी वर्षें लागणार.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड शहरांत असलें तरी शेत आणि गोठा गांवीं आहे. गांवीं जाल तेव्हां बैलाला कोणतें औषध दिलें जातें, एवढी चौकशी अवश्य करा. रामायणांतील जटायूची कथा आपण मुलांना कौतुकानें सांगतों, आणि गिधाड हा शब्द शिवी म्हणून वापरतों. जटायूच्या वंशासाठीं गोठ्यांतील एक कुपी बदलावी, एवढीच आपणांकडून अपेक्षा आहे.