दहा वर्षांचे घर

युद्धात कोणते शहर पडले व कोणते टिकले याची नोंद इतिहास तत्परतेने ठेवतो. परंतु तोफा थंडावल्यावर त्या शहरांतील माणसे रात्री कोठे निजली, याची चौकशी करण्याची तसदी तो क्वचितच घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्न राज्यकर्त्यांना टाळता आला नाही. त्याचे उत्तर म्हणून तेथे कारखान्यांतून घरे घडविण्यात आली. ‘प्रीफॅब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या घरांची हकीकत बोधप्रद आहे.

१९३९ साली युद्ध सुरू झाले आणि नवी घरे बांधण्याचे काम जवळजवळ थांबले. गवंडी व सुतार सैन्यात किंवा शस्त्रांच्या कारखान्यांत गेले. लाकूड परदेशांतून यावयाचे, तेही दुर्मिळ झाले. त्यात १९४० व १९४१ सालांतील बाँबवर्षाव आणि १९४४ सालचे उडते बाँब यांनी मिळून चार लाखांहून अधिक घरे नष्ट केली किंवा राहण्यास निरुपयोगी करून सोडली. इकडे युद्धकाळात लग्ने होतच होती. तरुण जोडपी आईबापांच्या घरातील एखाद्या खोलीत दिवस कंठीत होती, आणि लाखो सैनिक परतण्याच्या वाटेवर होते.

राज्यकर्त्यांना आणखी एक आठवण बोचत होती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, लॉइड जॉर्ज यांनी परतणाऱ्या वीरांना शोभतील अशी घरे देण्याचे अभिवचन दिले होते. परंतु १९२१ साली काटकसरीची लाट आली आणि ती योजना अर्ध्यावरच आखडली गेली. एकदा मोडलेले वचन दुसऱ्यांदा मोडणे कोणत्याही पक्षास परवडणारे नव्हते.

घराचे भाग एके ठिकाणी तयार करून दुसरीकडे उभे करण्याची कल्पना अर्थातच नवी नव्हती. १८३० नंतरच्या दशकात मॅनिंग नावाचा लंडनचा एक सुतार ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या लोकांसाठी सुटी करून जहाजावर चढविता येतील अशी लाकडी घरे तयार करीत असे. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, ब्रुनेल या विख्यात अभियंत्याने आखलेले एक संपूर्ण रुग्णालय इंग्लंडातून सुटे करून डार्डानेल्सच्या काठी नेऊन उभारण्यात आले. तथापि एका संपूर्ण राष्ट्राची निवाऱ्याची निकड भागविण्यासाठी हा उपाय इतक्या मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये पूर्वी योजला गेला नव्हता.

२६ मार्च १९४४ रोजी पंतप्रधान चर्चिल यांनी नभोवाणीवरून ही योजना जाहीर केली. पाच लाखांपर्यंत घरे तयार करण्याची उमेद त्यांनी बोलून दाखविली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या टेट कलादालनात पोलादी पत्र्याच्या घराचा एक नमुना लोकांस पाहावयास ठेवला गेला. बांधकाममंत्री लॉर्ड पोर्टल यांचे नाव त्यास मिळाले होते. परंतु पोलादाच्या टंचाईमुळे ते घर नमुन्यापुरतेच राहिले. पुढे पार्लमेंटने कायदा करून १५ कोटी पौंड मंजूर केले. कायद्याच्या नावातच ‘तात्पुरता’ हा शब्द होता. ही घरे सुमारे दहा वर्षे वापरावीत, तोवर पक्की घरे बांधून व्हावीत, आणि मग ती उचलून न्यावीत, असा संकेत होता.

घरांचे प्रकार अनेक होते. काहींचा सांगाडा पोलादाचा, काहींचा लाकडाचा. भिंतींना व छपराला बहुधा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. सर्वांत अधिक संख्या ॲल्युमिनियमच्या घरांची, ती ५४ हजारांवर गेली. युद्ध संपताच विमानांचे कारखाने ओस पडणार होते. त्यांच्याच यंत्रांवर व कामगारांच्या हातून ही घरे घडविण्यात आली. प्रत्येक घर चार तुकड्यांत तयार होई. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, कपाटे, रंग, सारे कारखान्यातच बसविलेले. चार मोटारलॉऱ्या ते चार तुकडे घेऊन येत, तयार जोत्यावर ठेवीत, आणि कामगार ते एकमेकांस जोडीत. पुष्कळ ठिकाणी ही जोती घालण्याचे काम जर्मन व इटालियन युद्धकैद्यांनी केले.

घर लहान, दोन शयनगृहांचे; परंतु त्याची आखणी विचारपूर्वक केलेली होती. स्वयंपाकघर व न्हाणीघर एकमेकांस पाठ लावून ठेवलेली, त्यामुळे साऱ्या नळांची सोय एकाच भिंतीत होई. ज्या कुटुंबांनी जन्मभर अंगणातील सामाईक शौचकूप वापरला होता, त्यांना घरातच शौचकूप, गरम पाणी आणि शीतकपाट मिळाले. त्या काळी अशी कपाटे सुखवस्तू घरांतही विरळाच असत. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले नील किनॉक यांचे बालपण वेल्समधील अशाच एका घरात गेले.

एवढे असूनही योजनेचे गणित चुकले. पाच लाखांची भाषा झाली होती, उभी राहिली १,५६,६२३ घरे. खर्च १५ कोटींवरून २० कोटी पौंडांच्या वर गेला. ॲल्युमिनियमचे एक घर तर विटांच्या पक्क्या घराहूनही महाग पडले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कारखाना भिंती व छप्पर करू शकतो. जमीन करू शकत नाही. ती जमीन मिळविणे, सपाट करणे, तिच्यापर्यंत रस्ता, पाणी, गॅस व सांडपाण्याचे नळ नेणे, ही कामे जुन्याच वेगाने होत राहिली. घरांसाठी ताटकळलेल्या लोकांचा धीर सुटला. १९४६ च्या उन्हाळ्यात स्कन्थॉर्प येथील काही कुटुंबे सैन्याने सोडलेल्या छावणीत शिरून राहू लागली. हे लोण देशभर पसरले आणि शरद ऋतूपर्यंत सुमारे ४६ हजार माणसे अशा छावण्यांत वस्तीस गेली. घरबांधणीचे खाते सांभाळणारे मंत्री बेव्हन यांचा कल तर आरंभापासून मोठ्या व पक्क्या घरांकडेच होता.

परंतु हिशेबनीसाचा निकाल एक आणि रहिवाशाचा दुसरा. दहा वर्षे उलटली, वीस उलटली, तरी हजारो कुटुंबे आपली ‘तात्पुरती’ घरे सोडावयास तयार नव्हती. चोहोबाजूंनी मोकळी जागा, पुढे फुलांचा वाफा, मागे भाजीचा मळा आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. एवढे सुख उंच इमारतींतील नव्या घरांत मिळेना. लंडनच्या कॅटफर्ड भागातील एक्सकॅलिबर वसाहतीत १९४५-४६ साली १८७ घरे उभारण्यात आली. सहा दशकांनंतरही तेथे माणसे नांदत होती. २००९ साली त्यांतील सहा घरांना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. २०१० साली रहिवाशांनी थोडक्या बहुमताने पुनर्बांधणीस संमती दिली, आणि पुढे पाडकाम सुरू झाले. या प्रेमाने घरांचे दोष मात्र लपू नयेत. हिवाळ्यात पातळ भिंतींतून थंडी शिरे, आतून ओल धरे. आणि ज्या ॲस्बेस्टॉसला त्या वेळी वरदान मानले गेले, त्याचे तंतू फुप्फुसांस घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले.

याच सुमारास भारतातही हा प्रयोग झाला. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांची रीघ लागली. जर्मनीतून परागंदा होऊन म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुशिल्पी झालेले ऑटो कोनिग्सबर्गर १९४८ साली केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले, आणि जंगपुरा येथे घरांचा सरकारी कारखाना निघाला. काँक्रीटचे हलके तयार तक्ते जोडून घरे उभारावयाची होती. परंतु त्या तक्त्यांनी दगा दिला, त्यांना तडे गेले. योजना बारगळली आणि १९५१ साली कोनिग्सबर्गर पद सोडून गेले. तो कारखाना मात्र नाव पालटून, काँक्रीटच्या इतर वस्तू करीत टिकून राहिला.

मुंबई इलाख्यात वेगळाच मार्ग निघाला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील रिकाम्या लष्करी बराकींत आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. आज ते मोठे शहर आहे. तरी तेथला माणूस आपला पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प’चा क्रमांक सांगतो. मुंबईतील संक्रमण शिबिरांतही थोड्या काळासाठी गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी तेथेच वाढलेली आढळते.

तेव्हा ब्रिटनच्या त्या दीड लाख घरांकडे केवळ फसलेला हिशेब म्हणून पाहणे न्याय्य नव्हे, आणि चमत्कार म्हणून पाहणे तर मुळीच नव्हे. निवारा घाईने देता येतो. प्रसंगी तो घाईनेच द्यावा लागतो. मात्र जे घर सरकारच्या दफ्तरात दहा वर्षांचे असते, तेच त्यात जन्मलेल्या मुलाचे सारे बालपण असते. त्या घरांतील ज्या गोष्टी पिढ्यानुपिढ्या पुरल्या, म्हणजे पाणी, न्हाणीघर, चूल आणि दारापुढची हातभर जमीन, त्या कोणीतरी कायमच्या समजून आखल्या होत्या. ज्या केवळ तात्पुरत्या म्हणून उरकल्या गेल्या, त्यांचा त्रास रहिवाशांना आयुष्यभर सोसावा लागला.