साडेपाच सेंटांचा अडसर : एका स्वस्त शिकारी रायफलीच्या चापाचा इतिहास

१/१८
स्वस्त शिकारी रायफल चांगली की वाईट, हे गिऱ्हाईक कशावरून ठरवते? किंमत, नेमाचा अचूकपणा, दस्त्याचे लाकूड आणि चापाचा हलकेपणा. दुकानात याच गोष्टी हाताला लागतात. चापावर बोट नसताना बार उडेल का, हा प्रश्न मात्र तेथे सुटत नाही. अमेरिकेत या एका प्रश्नाचा निकाल लागण्यास सुमारे सत्तर वर्षे गेली. त्या सत्तर वर्षांचा हा धागा.

२/१८
रेमिंग्टन ही अमेरिकेतील सर्वांत जुन्या बंदूक-कारखान्यांपैकी एक. स्थापना १८१६, ठिकाण न्यूयॉर्क राज्यातील इलियन. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या तिच्या शिकारी रायफली पहिल्या महायुद्धातील एनफिल्ड रायफलीच्या घडणीवर बेतलेल्या होत्या. मजबूत, परंतु पोलाद कोरून काढण्याचे काम फार, म्हणून महाग. युद्ध संपले तेव्हा लाखो सैनिक घरी परतत होते. त्यांच्यासाठी कमी खर्चात, मोठ्या संख्येने होईल अशी रायफल हवी होती.

३/१८
ती १९४८ मध्ये आली : मॉडेल ७२१ आणि ७२२. मुख्य साचा गोल पोलादातून लेथवर उतरवलेला, किरकोळ भाग पत्र्यातून ठोकून काढलेले. स्वस्त असूनही ती भक्कम होती आणि नेमाला पक्की होती. अभिकल्प करणाऱ्यांतील प्रमुख अभियंता माइक वॉकर स्वतः अचूक नेमबाजीचा नाद असलेला गृहस्थ. याच घडणीतून १९६२ मध्ये मॉडेल ७०० जन्मले. पुढे मरीन दलाची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या नेमबाजांच्या रायफली त्यावरच उभ्या राहिल्या.

४/१८
आता चापाची रचना पाहू, कारण पुढील सर्व वाद तेथे आहे. अशा रायफलीत दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर फायरिंग पिन पुढे झेपावण्यास टपलेली असते. तिला एक अडसर रोखून धरतो. कारागीर त्याला सिअर म्हणतात. सिअरला खालून चापाचा आधार असतो. चाप ओढला की आधार सरकतो, अडसर पडतो, पिन सुटते, बार उडतो. आधार केसभर जरी चुकला, तरी परिणाम तोच.

५/१८
वॉकर यांनी चाप आणि सिअर यांच्यामध्ये आणखी एक पातळ तुकडा घातला : कनेक्टर. तो चापाला खिळवलेला नव्हता. स्प्रिंगच्या दाबाने केवळ टेकलेला असे. यामुळे चाप काच तुटावी तसा स्वच्छ सुटे. दुकानात चाप ओढून पाहणारा गिऱ्हाईक खूश होई. म्हणजे ज्या परीक्षेवरून लोक चापाची प्रत ठरवत, त्या परीक्षेत हा चाप पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत असे.

६/१८
परंतु प्रत्येक बाराच्या वेळी कनेक्टर क्षणभर चापापासून दूर होई. त्या फटीत धूळ, वाळलेले तेल किंवा ओल शिरली, तर तो पूर्ण मागे येत नसे. मग सिअर कशीबशी काठावर टेकलेली राही. खटका सोडला, बोल्ट उघडला, बोल्ट मिटला किंवा बंदुकीला धक्का बसला, तर चापाला हात न लावता बार होण्याची शक्यता निर्माण होई. कंपनीच्या कागदपत्रांत या प्रकारांना स्वतंत्र संक्षिप्त नावे होती.

७/१८
हे केव्हा कळले? पुढे न्यायालयीन खटल्यांतून उजेडात आलेल्या कागदांनुसार, रायफल बाजारात येण्यापूर्वीच. १९४६ मध्ये खुद्द वॉकर यांनी सुरक्षा-खटक्याच्या बाबतीत सैद्धांतिक धोका असल्याचे टिपणात लिहिले. १९४८ मध्ये त्यांनी सुधारणा सुचवली : खटका लावलेला असताना चापही जागी जखडला जावा. अतिरिक्त खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट. ती सुधारणा स्वीकारली गेली नाही.

८/१८
येथे एक मूलभूत भेद समजून घ्यावा. ‘सेफ्टी आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. ती काय अडवते, हे पाहावे. जर्मनीच्या माउझर ९८ रायफलीत आणि १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये खटका थेट फायरिंग पिनला धरून ठेवतो. सिअर घसरली तरी पिन सुटत नाही. वॉकर-चापातील खटका पिनला हात लावत नसे. तो सिअरला किंचित उचलून धरी. खाली आधार जागेवर आला आहे की नाही, याची त्याला वार्ताही नसे.

९/१८
दुसरी अडचण बोल्टची. विंचेस्टर ७० च्या खटक्याला तीन जागा होत्या. मधल्या जागेवर पिन जखडलेली राहून बोल्ट उघडता येई, काडतूस काढता येई. रेमिंग्टनच्या खटक्याला दोनच जागा, आणि सुरक्षित जागेवर बोल्टही बंद. म्हणजे बंदूक रिकामी करायची तर आधी खटका ‘फायर’कडे ढकलणे भाग. नेमका तोच क्षण या चापाच्या बाबतीत सर्वाधिक जोखमीचा. हा बोल्ट-बंद १९८२ मध्ये काढण्यात आला.

१०/१८
स्वस्त म्हणजे धोकादायक, असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी मॉडेल ७० ची घडण बदलली. शौकिनांनी नाके मुरडली. ‘चौसष्टपूर्व’ रायफलींना आजही अधिक भाव मिळतो. पण त्या नावे ठेवलेल्या रायफलीत जुना साधा चाप आणि पिन धरणारा तीन जागांचा खटका तसाच राहिला. काटकसर दोन्ही कारखान्यांनी केली. ती कोठे करावी, यात फरक पडला.

११/१८
रेमिंग्टनचे १९६४ चे मॉडेल ६०० हे आखूड, हलके भावंड. त्याच्या चापाची घडणही याच कुळातली. टेक्सासमधील एका अपघातात अशाच बंदुकीच्या गोळीने एक वकील पांगळा झाला. १९७८ मध्ये ते प्रकरण ६८ लाख डॉलर देऊन मिटले. त्यानंतर मॉडेल ६०० च्या सुमारे दोन लाख बंदुका परत मागवण्यात आल्या.

१२/१८
मग मॉडेल ७०० चे काय? जानेवारी १९७९ मधील अंतर्गत बैठकीचे इतिवृत्त उपलब्ध आहे. त्यातील हिशेब असा : वापरात २० लाख बंदुका, त्यांपैकी सुमारे एक टक्का फसवल्या जाऊ शकतील अशा. म्हणजे २० हजार बंदुका शोधण्यासाठी २० लाख परत मागवाव्या लागतील. निर्णय झाला : मागवायच्या नाहीत. टक्क्यांत एक म्हणजे क्षुल्लक. पण त्या २० हजारांतील प्रत्येक बंदूक कोणाच्या तरी घरात होती.

१३/१८
कंपनीची बाजूही नोंदवली पाहिजे. तिचे म्हणणे सातत्याने असे की अभिकल्पात दोष नाही. लाखो बंदुका दशकानुदशके निर्वेध चालल्या. अपघात झाले ते देखभालीअभावी, चापात परस्पर केलेल्या फेरफारामुळे किंवा नळी माणसाकडे वळवल्यामुळे. यात तथ्यांश आहे. नळी सुरक्षित दिशेला असती तर चाप बिघडूनही जीव गेला नसता. पण वापरणाऱ्याची चूक सिद्ध झाल्याने यंत्राचा दोष पुसला जात नाही.

१४/१८
शासन कोठे होते? १९७२ च्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा कायद्याने अमेरिकेत आयोग नेमला. तो सदोष खेळणी बाजारातून हटवू शकतो. बंदुका मात्र त्या कायद्यातून वगळल्या आहेत. आपटल्यावर किंवा धक्क्याने बार होऊ नये, यासाठी चाचण्यांची मानके आहेत, पण ती उद्योगाच्याच संस्थेची आणि ऐच्छिक. त्यामुळे चापाची खरी तपासणी प्रयोगशाळेत न होता न्यायालयात झाली.

१५/१८
१९९४ मध्ये टेक्सासच्या ज्युरीने पाय गमावलेल्या एका माणसाला १७० लाख डॉलर देवविले. त्यातील १५० लाख दंडात्मक. ऑक्टोबर २००० मध्ये मोंटानात एक आई शिकारीहून परतल्यावर मॉडेल ७०० रिकामी करत होती. खटका पुढे ढकलताच बार झाला, असे कुटुंबाचे म्हणणे. गोळी घोड्यांच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे असलेला नऊ वर्षांचा मुलगा दगावला. २०१० मध्ये सीएनबीसी वाहिनीने अशा तक्रारींचा माहितीपट केला. नव्वदी ओलांडलेल्या वॉकर यांनी त्यात आपण सुचवलेल्या सुधारणेविषयी सांगितले.

१६/१८
याच काळात उत्तर आले ते स्वस्त बंदुकांच्या कारखान्याकडून. सॅव्हेजची मॉडेल ११० ही १९५८ पासूनची किफायतशीर रायफल. खटल्यांच्या भीतीने कारखाने चाप मुद्दाम जड ठेवत, गिऱ्हाईक कुरकुरे. २००२ मध्ये सॅव्हेजने चापाच्या मध्यभागी एक पातळ पाते बसवले. बोटाने पाते दाबल्याशिवाय सिअर पडूच शकत नाही. चाप हलका आणि तरीही धक्क्याला न दबणारा. पुढे इतरांनीही स्वस्त रायफलींत अशीच पाती बसवली.

१७/१८
रेमिंग्टननेही २००६ च्या सुमारास कनेक्टर नसलेला नवा चाप आणला. पण २०१४ मध्ये तोही परत मागवावा लागला. जुळणीत चिकटद्रव्य जास्त पडल्याने तो आपोआप सुटण्याची भीती होती. अभिकल्प सुधारला तरी हात चुकू शकतो, हा त्याचा धडा. जुन्या-नव्या सुमारे ७५ लाख बंदुकांचे चाप विनामूल्य बदलून देण्याची तडजोड २०१७ मध्ये न्यायालयाने मान्य केली. त्यात दोषाची कबुली नव्हती. २०१८ आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

१८/१८
मग परीक्षा कशी करावी? रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून : खटका लावा, चाप ओढून सोडा, मग खटका काढा; ‘खट्’ आवाज येता कामा नये. खटका अर्धवट ठेवूनही हेच करा. बोल्ट जोराने मिटवून पाहा. मात्र शंभर वेळा उत्तीर्ण झालेली बंदूक एकशे एकाव्या वेळी, थंडीत किंवा धुळीत, दगा देऊ शकते; म्हणून चाचणीपेक्षा रचना महत्त्वाची. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा : सेफ्टी नेमके काय अडवते? ती लावलेली असताना बंदूक रिकामी करता येते का? या मॉडेलचे चाप कधी परत मागवले होते का? किमतीच्या चिठ्ठीवर या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नसते. आणि उत्तरे कितीही समाधानकारक मिळोत, नळीसमोर माणूस नको.

#इतिहास #धागा