उष्माघात व ऋतुमानी आजारांचे सर्वेक्षण : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

ऋतूबरोबर वाढणाऱ्या आजारांचा, दवाखाने, रुग्णालये आणि प्रयोगशाळांत रोज जमणाऱ्या नोंदींवरून काढलेला माग. उन्हाळ्यात उष्माघात आणि पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, मलेरिया, गॅस्ट्रो, कावीळ हे त्याचे मुख्य विषय.

या कामाची चौकट २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची आहे. त्यात तीन फॉर्म असतात. आरोग्यसेविका नुसत्या लक्षणांवरून ‘एस’ भरते, डॉक्टर संभाव्य निदानाचा ‘पी’ भरतात, तर प्रयोगशाळा खात्री झाल्यावर ‘एल’ भरते. पूर्वी ही माहिती आठवड्याने वर जाई; २०२१ पासून ती संगणकावर रोजची झाली. उष्माघाताची देशभरची दैनिक नोंद २०२३ पासून त्याच संगणकीय व्यवस्थेत होते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही या पट्ट्यातील महापालिकांची मोठी रुग्णालये.

पावसाळी आजारांत ‘एस’ची खरी किंमत कळते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी वस्त्यांत शिरले. त्यानंतर मुंबई-ठाणे पट्ट्यात लेप्टोची साथ आली. घाण पाण्यातून चालल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो आणि रक्तातील प्रतिपिंडे दिसायला आणखी काही दिवस लागतात. म्हणजे ‘एल’ची वाट पाहिली तर औषधाची वेळ निघून जाते. पाणी ओसरल्यापासून दिवस मोजत तापाचे केसपेपर पाहणे हेच इथे शहाणपणाचे.

उन्हाचा हिशेब जास्त अवघड. हवामान खाते किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीहून किमान ४.५ अंश जास्त तापमान असेल, तर उष्णतेची लाट मानते. मैदानी भागात ही मर्यादा ४० अंशांची. समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरा सुटला की कल्याणच्या बाजूला पारा कुलाब्यापेक्षा बराच चढतो. पण पारा सगळे सांगत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होतो.

उष्माघात म्हणजे शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत भ्रम, झटके किंवा बेशुद्धी. वाटेतच बर्फ लावला (लावायलाच हवा), तर रुग्णालयात मोजलेला आकडा खाली आलेला असतो. मग केसपेपरवर ‘चक्कर’, ‘अशक्तपणा’, वयस्क माणूस असेल तर ‘हृदयविकार’ एवढेच उरते. म्हणून शून्य रुग्णांचा तक्ता पाहून निर्धास्त होणे धाडसाचे.

इथली आणखी एक अडचण लोकलची. ऊन लागते मुंबईतल्या बांधकामावर, माणूस कोसळतो ठाण्याच्या फलाटावर आणि आधार कार्डावरचा पत्ता असतो डोंबिवलीचा. नोंद कुठल्या पालिकेची?

ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये ‘काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेसोबत शहराचा उष्णता कृती आराखडा तयार केला. पण आराखड्याला नोंदींचीही जोड लागते. फ्रान्सने २००३ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसे गमावल्यावर पुढच्याच वर्षी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदी आपोआप गोळा करण्याची व्यवस्था उभी केली. आपल्याकडे पहिला केसपेपर बहुधा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे निघतो, तोही अनेकदा निघतच नाही. सलाइन लागते, दोन ओआरएसची पाकिटे मिळतात आणि रुग्ण संध्याकाळी घरी जातो.