शब्दार्थाचा इतिहास : प्रवेश करण्यापूर्वी

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीला भेटणारे विशेषण म्हणजे ‘नाइस’. चहा नाइस, माणूस नाइस, हवाही नाइस. वापरून वापरून ते इतके सैल झाले आहे की निबंधात आले तर शिक्षक खोडून टाकतात. शब्दार्थाच्या इतिहासाकडे वळणाऱ्या वाचकाने मात्र याच शब्दापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ हा शब्द याच क्रियापदाच्या कुळातला. त्याला नकार लागून ‘नेस्किउस’ झाला, म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो मूर्ख, बावळट या अर्थाने. चौदाव्या शतकात चॉसरच्या लेखनात तो याच अर्थाने भेटतो. पुढे बावळटाचा भिडस्त झाला, भिडस्ताचा चोखंदळ. चोखंदळ माणसाची नजर बारीक, म्हणून सूक्ष्म, काटेकोर हा अर्थ रुजला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात काटेकोरपणालाच पहिले स्थान आहे. त्याच शतकात बोलण्यातून ‘छान’ हा अर्थ पसरला आणि त्याने बाकीच्यांना जवळजवळ हुसकावून लावले. बारीक भेदाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, त्यात जुना अर्थ अजून तग धरून आहे.

ही साखळी वाचायला सोपी वाटते, पण ती आपण मागाहून जुळवलेली असते. प्रत्यक्षात हे अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमके काय म्हणायचे होते हे सांगणे कठीण आहे, अशी कबुली ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनीच दिली आहे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये, रोमिओपर्यंत न पोहोचलेले ते पत्र ‘नाइस’ नव्हते, असे फ्रायर लॉरेन्स म्हणतो. आजचा वाचक समजेल, पत्र वाईट होते. त्याला म्हणायचे असते, पत्र क्षुल्लक नव्हते. एका विशेषणाचा इतिहास ठाऊक नसेल तर त्या शोकांतिकेचा सांधाच निसटतो. या अभ्यासाची गरज सांगायला मला याहून चांगला दाखला ठाऊक नाही.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त (तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध) हेन्री टिल्नी हा तरुण ‘नाइस’च्या सरसकट वापराची थट्टा करतो. मुळात हा शब्द कदाचित नेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतता यांच्यासाठीच होता, असे तो म्हणतो. पण ते मूळ नव्हे, मधला एक टप्पा आहे. खरे मूळ अडाणीपणात आहे. जुना अर्थ तोच खरा, असे मानणारे सगळे टिल्नीच्याच वाटेने जातात. मूळ हेच प्रमाण मानायचे, तर आज कोणाला ‘नाइस’ म्हणणे हा अपमानच ठरेल.

मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने १८८३ मध्ये या शास्त्राला ‘सेमांतिक’ हे नाव दिले आणि १८९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच काळात इंग्लंडमध्ये जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी ऑक्सफर्ड कोशात शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी तारीखवार अवतरणे लावत होते. ती चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवणारे बहुसंख्य लोक हौशी वाचक होते. १८८४ मध्ये पहिला भाग निघालेला हा कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. विद्वानांचे तर्क मला मोलाचे वाटतात, पण या चिठ्ठ्या त्याहून मोलाच्या. कारण अर्थ कधी बदलला हे वापरच सांगतो.

मराठी वाचक इथे परका नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे मुख्यतः रंग, आसक्ती, प्रेम. आपण तो संतापासाठी वापरतो आणि ‘अनुराग’ म्हणताना जुना अर्थही सहज जागा करतो. म्हणून विनंती इतकीच, की पुढची प्रकरणे वाचताना मोल्सवर्थचा १८५७ चा कोश हाताशी ठेवा आणि भेटलेल्या प्रत्येक शब्दाला विचारा : तू कोणाच्या तोंडी, कोणत्या साली, कशासाठी आलास?